एका टाकीत कोण कोणासोबत नांदेल? (निऑन गायब झाल्यावर सुरू केलेला धागा)

शेवाळी

नमस्कार मंडळी,

मासे पाळायला लागून वर्ष होत आलं. टाकी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची. हिशेबाने १८० लिटर. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी १५० च्या आसपास. पहिल्या खेपेला १२ निऑन टेट्रा आणि २ एंजलफिश आणले. "दोन्ही शांत आहेत, बिनधास्त ठेवा" असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि पहिले सहा महिने ते खरंही वाटलं. एंजल तेव्हा बोटाच्या पेराएवढे होते, निऑनच्या घोळक्यातून वाट काढत हिंडायचे.

मग निऑन कमी व्हायला लागले. १२ चे ११, मग ९, मग ७. मेलेला मासा एकदाही सापडला नाही. फिल्टर उघडून पाहिला, झाकणाची फट पाहिली, टाकीमागची फरशीही तपासली. गेल्या आठवड्यात पहाटे जाग आली म्हणून खोलीतला दिवा लावला, तर मोठा एंजल नेहमीसारखाच काचेजवळ संथ उभा होता आणि त्याच्या ओठांतून निऑनचा शेपटीकडचा लाल भाग बाहेर दिसत होता. त्याचे कल्ले दोनदा जोरात फुलले आणि तो तुकडा आत गेला. मला फार वाईट वाटलं, कारण हे सहा मासे माझ्या निवडीपायी गेले.

आता ६ निऑन आणि २ एंजल आहेत. तापमान २६ अंश, पीएच ७.६, जीएच (पाण्याचा जडपणा) १२. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली. मनात असलेली यादी अशी: मॉली, टायगर बार्ब, एक फायटर, एक रेड टेल शार्क, काच साफ ठेवायला एक सकर, आणि तळाला कोरी (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश). यातलं कोण कोणासोबत राहील? या वेळी आधी विचारायचं आणि मग आणायचं, असं ठरवलंय.

मधला थर

वाईट वाटणं साहजिक आहे, पण एंजलवर राग धरू नका. तो सिक्लिड कुळातला आहे, लहान मासे हे त्याचं अन्नच. मासा शांत असणं वेगळं आणि शिकारी नसणं वेगळं. एंजल कोणाच्या मागे लागत नाही म्हणून त्याला शांत म्हणतात, पण तोंडात मावतंय ते तो सोडत नाही. पूर्ण वाढलेल्या एंजलचं अंग १५ सेंमीपर्यंत जातं, वरच्या पराच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची उंची त्याहून जास्त. निऑन साडेतीन सेंमीचा आणि सडपातळ. तुम्ही आणले तेव्हा तो मावत नव्हता, आता मावतो, एवढाच काय तो फरक.

पहाटेच का, त्यालाही कारण आहे. अंधारात निऑनचा रंग जवळजवळ उतरतो, निळी रेघ फिकट होते आणि ते तळाशी झाडांपाशी सुस्त थांबतात. दिवे लागताच रंग यायला थोडा वेळ लागतो. एंजल त्यांच्या आधी हलायला लागतो.

"लहानपणापासून एकत्र वाढवले तर खात नाहीत" हे सगळीकडे ऐकायला मिळतं. काही टाक्यांत ते खरंही ठरतं. पण ते त्या एका एंजलपुरतं असतं, आणि आपल्याकडचा एंजल कसा निघेल ते मासे कमी झाल्यावरच कळतं.

पाणकळा

यादी चांगली मोठी आहे, पण मी माशांकडे वळण्याआधी पाण्याकडे बघेन. स्वभाव जुळतो का हे सगळे विचारतात, पाणी जुळतं का हे फार कमी जण विचारतात.

तुमचं पाणी मध्यम जड आणि किंचित अल्कधर्मी आहे. मॉली, गप्पी, प्लॅटी या पिल्लं घालणाऱ्या माशांना असं पाणी मानवतं. मॉलीला तर याहून जड असलं तरी आवडेल. निऑन, कार्डिनल, रॅम, डिस्कस यांचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं मऊ, आम्लधर्मी पाणी. बाजारातले निऑन बहुतेक पैदास केंद्रातून येतात, त्यामुळे जीएच १२ मध्ये ते जगतात. पण चालणं आणि मानवणं यांत फरक आहे. मऊ पाण्यात ठेवलेली मॉली अंग आखडून एका जागी डुलत राहते, पर मिटून घेते. लोक त्याला रोग समजून औषधं घालतात आणि मूळ दुखणं पाण्यातच राहतं.

तापमानाचंही तसंच. निऑनला २२ ते २५ अंश सुखाचं, कार्डिनलला त्याहून थोडं गरम चालतं, रॅमला २८ च्या आसपास हवं, डिस्कसला २८ ते ३०. आता रॅम आणि निऑन एकत्र ठेवायचे म्हटलं की कोणाला तरी मन मारावं लागतं. २६ वर ठेवून आपण मध्य साधला असं वाटतं, पण रॅम सुस्तावतो आणि निऑनचं आयुष्य कमी होतं.

सिक्लिड म्हटलं की सगळे सारखे, असंही नाही. मलावी सरोवरातल्या सिक्लिडना पीएच ८ च्या आसपासचं जड पाणी लागतं आणि ते हद्दीसाठी सतत भांडतात. एंजलशी कूळ जुळतं, बाकी काही जुळत नाही.

आणि यादीत नाही तरी लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी हा धागा शोधत येईल: गोल्डफिश या मेळाव्यात अजिबात नको. तो थंड पाण्याचा, भरपूर खाणारा, भरपूर घाण करणारा, आणि लहान मासे गिळणारा.

दोन टाक्या

टायगर बार्बबद्दल माझा अनुभव. मी सुरुवातीला ४ आणले होते. दोन महिन्यांत त्यांनी गुरामीच्या खालच्या दोन लांब मिशा कुरतडून अर्ध्या केल्या. गुरामी त्या मिशांनी चाचपत फिरतो, तोच अवयव गेला. बार्ब परत द्यायला निघालो होतो. एका जाणत्या माणसाने सांगितलं, परत देऊ नका, संख्या वाढवा. गुरामी दुसऱ्या टाकीत हलवला आणि बार्ब १० केले. सगळी चावाचावी त्यांच्या त्यांच्यात सुरू झाली. वरचढ कोण हे ठरवण्यात त्यांचा दिवस जातो, आणि दहा जणांत कोणा एकावरच सगळा मार पडत नाही.

मात्र याचा अर्थ १० टायगर बार्ब एंजलसोबत चालतील असा घेऊ नका. लांब, संथ हलणारे पर त्यांना राहवत नाहीत. एंजल, गुरामी, फायटर, लांब शेपटीचे गप्पी, या सगळ्यांना टायगर बार्बची सोबत वर्ज्य. सेर्पे टेट्रा आणि ब्लॅक विडो टेट्रा यांनाही तीच खोड आहे, जरा कमी प्रमाणात.

नवशिका

वाचतोय. पण माझ्याकडे टायगर बार्ब आणि एंजल दोन वर्षं एकत्र आहेत, काही त्रास नाही. टाकी पाच फुटी आहे.

दोन टाक्या

@नवशिका, पाच फुटांची टाकी आहे हेच कारण असावं. लांबी असली की ज्याला नको आहे तो दूर जाऊ शकतो. शेवाळींची टाकी तीन फुटी आहे, तिथे एंजलला पळायला जागा नाही. तुमच्या एंजलचे खालचे दोन दोऱ्यासारखे पर शाबूत आहेत का ते मात्र एकदा नीट बघा. कुरतडणं तिथूनच सुरू होतं आणि बरेच दिवस लक्षात येत नाही.

नवशिका

आत्ता बघून आलो. एकाचे शाबूत आहेत, दुसऱ्याचा डावा अर्धा आहे. मला वाटायचं तो जन्मतःच तसा असेल. पाठीवरचा परही टोकाला विरलेला आहे. आजपासून रोज बघेन.

तळवस्ती

कोरीबद्दल मी लिहिते, त्या माझ्या जिव्हाळ्याच्या.

"उरलंसुरलं खातात, दोन टाका" असं सांगून कोरी विकल्या जातात. यातलं काहीच बरोबर नाही. कोरी हा घोळक्याने राहणारा मासा आहे. एकाच जातीच्या किमान ६ हव्यात. तीन जातींच्या दोन-दोन घेतल्या तर सहा होतात पण घोळका होत नाही. आणि वरच्यांनी टाकलेलं त्यांना पुरत नाही. दिवे मालवल्यावर त्यांच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या टाकाव्या लागतात.

तळाला बारीक वाळू हवी. माझ्या पहिल्या टाकीत टोकदार खडी होती. तीन-चार महिन्यांत एका कोरीच्या मिशा इतक्या झिजल्या की तोंडाशी फक्त दोन पांढरट ठिपके उरले. खडी आणि तिच्यात साचलेली घाण, दोन्हींनी मिळून ते केलं. वाळू घातल्यावर पहिल्याच संध्याकाळी बाकीच्यांनी डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं. वाळू तोंडातून घ्यायची आणि कल्ल्यांतून सोडायची. तोवर मी त्यांना असं करताना पाहिलंच नव्हतं. जिच्या मिशा गेल्या होत्या तिच्या अर्ध्याच परत आल्या.

नव्या लोकांना एक गोष्ट घाबरवते, म्हणून सांगते: कोरी मधूनच बाणासारखी वर जाते, पृष्ठभागावर तोंड मारते आणि परत खाली येते. ती हवा गिळते आणि आतड्यातून प्राणवायू घेते. हे सहजवर्तन आहे. सगळ्याच कोरी सारख्या सारख्या वर जायला लागल्या, तर पाण्यात प्राणवायू कमी पडतोय का हे बघा.

एंजलसोबत कोरी चांगली राहते. तिच्या परांना ताठ काटे असतात. वाढलेली कोरी एंजलच्या तोंडात मावत नाही. फक्त छोट्या पिग्मी कोरी घेऊ नका, त्यांची गत निऑनसारखी होईल. २६ अंशांना स्टर्बाई जातीची कोरी उत्तम, तिला उबदार पाणी सोसतं.

मधला थर

तळवस्तींना पूर्ण अनुमोदन.

सकरबद्दल. सकर म्हणून जो साधा प्लेको मिळतो तो आणताना ५ सेंमीचा असतो आणि पुढे ४० सेंमीच्याही वर जातो. तीन फुटी टाकीत त्याला नीट वळताही येणार नाही. शेवाळ खातो हेही लहानपणापुरतं. मोठा झाल्यावर खातो थोडं आणि घाण करतो फार. तुमच्या टाकीला ब्रिसलनोज घ्या. तो १२ ते १५ सेंमीवर थांबतो आणि काच खरंच साफ ठेवतो. सोबत लाकडाचा एक ओंडका ठेवा, तो ते खरवडत बसतो. एकच घ्या, दोन नर एका गुहेवरून भांडतात.

चायनीज अल्गी ईटर नावाचा एक बारीक, लांबट मासा सकर म्हणूनच गळ्यात मारला जातो. तो मोठा झाला की शेवाळ सोडून एंजलसारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटतो आणि त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो. तिथे जखम होते. नाव नीट विचारून घ्या.

रेड टेल शार्क खरा शार्क नाही, बार्बच्याच कुळातला आहे. १२ ते १५ सेंमी. तळाचा एक पट्टा स्वतःचा मानतो आणि तिथे आलेल्याला हुसकावतो. तुम्हाला तळाला कोरी हव्या असतील तर हा नको. कोरी पळत नाहीत, मार खातात आणि गप्प बसतात, त्यामुळे त्यांचे हाल बाहेरून दिसत नाहीत.

फायटर एंजलसोबत नकोच. कोण कोणाला त्रास देईल हे सांगता येत नाही, पण कोणीतरी देईलच. त्याला स्वतःची लहान टाकी, हीटर आणि हलका फिल्टर द्या.

मॉली तुमच्या पाण्यात राहील. दर नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर माद्यांना पुरते थकवतात. पिल्लं मात्र एंजलच्या पोटात जाणार. हे आधीच मनाशी मान्य असेल तरच मॉली घ्या.

काठावरची

मूळ प्रश्नाला थोडं सोडून, पण लिहावंसं वाटलं. निऑन एकेक करून जात होते तेव्हा उरलेले जास्त लपायला लागले होते का? कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये मिनो माशांबद्दल नोंदवलं होतं, की एका माशाच्या कातडीला इजा झाली तर तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या वासाने सगळा थवा बिथरतो. बार्ब, टेट्रा आणि कॅटफिश यांच्या मोठ्या गटात ही सोय आहे. म्हणजे टाकीत एकाला चावा बसला तरी तो वास बाकीच्या सगळ्यांपर्यंत पोचतो. म्हणून "एकच मासा त्रास देतोय, बाकी टाकी ठीक आहे" असं मी आता मानत नाही.

उलट बाजूही आहे. लाजरे मासे बाहेर यावेत म्हणून मधल्या थरात निर्धास्त पोहणारा एक थवा ठेवतात. ते मोकळे फिरताना दिसले की बाकीच्यांना धोका नाही असं कळतं. माझे कुहली लोच हार्लेक्विन रासबोरा आल्यावर दिवसाढवळ्या दिसायला लागले.

शेवाळी

@काठावरची, हो! शेवटचे दोन महिने निऑन फिल्टरच्या मागून हलतच नव्हते. मला वाटलं दिवा फार प्रखर झालाय, म्हणून मी वर तरंगती झाडं घातली. हे वाचून पोटात कालवलं.

सगळ्यांचे खूप आभार. म्हणजे माझ्या यादीतलं कोरी आणि सकरच्या जागी ब्रिसलनोज एवढंच उरलं. मग एंजलसोबत मधल्या थरात कोण? आणि एकूण किती मासे?

पाणकळा

मधल्या थराला उंच अंगाचा, पर न कुरतडणारा टेट्रा. काँगो टेट्रा सगळ्यात निर्धोक, ८ सेंमीचा, पण त्याला पोहायला चार फूट लांबी हवी. तुमच्या टाकीत लेमन टेट्रा बसतील. ४ ते ५ सेंमीचे, अंगाने रुंद. पूर्ण वाढलेलेच घ्या, पिल्लं नको, आणि एकदम १० घ्या. तुमच्या पाण्यात ते राहतात.

किती मासे, या प्रश्नाला "एवढ्या लिटरला एवढे सेंमी मासा" असं सूत्र सांगतात. ते फक्त लहान माशांना लावा. ३ सेंमीचे दहा मासे आणि ३० सेंमीचा एक ऑस्कर, दोन्हींची बेरीज ३०. पण लांबी दहापट झाली की वजन साधारण हजारपट होतं. म्हणजे तो एक ऑस्कर त्या दहा जणांच्या शंभरपट भरतो, आणि घाणही कितीतरी पट जास्त करतो. खरं उत्तर टेस्ट किट देतं. आठवड्याला ३० टक्के पाणी बदलूनही नायट्रेट ४० च्या वर जात असेल तर मासे जास्त झाले.

माझं मत विचाराल तर प्रकार कमी, संख्या जास्त. तीन फुटी टाकीत तीन-चार जाती पुरेत. दोन-दोनच्या दहा जोड्या आणल्या की टाकी रंगीत दिसते, पण त्यातला एकही मासा आपल्या माणसांत नसतो.

दोन टाक्या

नवे मासे टाकीत सोडायच्या आधी वेगळ्या टबात तीन-चार आठवडे ठेवा, म्हणजे रोग असेल तर तिथेच कळतो. हीटर आणि जुन्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा घातला की टब तयार. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात अंगावर ठिपके दिसतात तेव्हा जंतू कातडीखाली असतो आणि औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो बाहेर पडून पाण्यात पोहतो तेवढ्याच काळात मरतो. म्हणून ठिपके गेले की लगेच औषध थांबवायचं नसतं.

सोडताना दिवे बंद करा आणि त्याच दिवशी दगड-लाकडं थोडी हलवा. जागा बदलली की एंजलची ठरलेली हद्द मोडते, सगळेच नव्याने जागा शोधतात. आणि सगळे एका दिवशी सोडू नका. फिल्टरमधल्या जिवाणूंना वाढीव अमोनिया पचवायला वेळ लागतो.

शेवाळी

अडीच महिन्यांनी परत लिहितेय.

६ निऑनना ६० × ३० × ३० ची वेगळी टाकी केली. जुन्या फिल्टरचा स्पंज वापरला तरी दोन आठवडे रोज अमोनिया तपासला. शून्यावर स्थिर झाल्यावरच त्यांना हलवलं. मग आणखी ६ आणले, महिनाभर टबात ठेवले आणि त्यांच्यात सोडले. हीटर २४ वर आहे. पहिले चार दिवस जुने सहा झाडामागेच होते. पाचव्या दिवशी नव्यांच्या मागून बाहेर आले. आता बारा एका रांगेत वळतात तेव्हा मी हातातलं काम सोडून बघत बसते.

मोठ्या टाकीत आधी ७ स्टर्बाई कोरी, त्यानंतर तीन आठवड्यांनी १० लेमन टेट्रा, शेवटी एक ब्रिसलनोज. तळाची खडी काढून वाळू घातली, त्यात एक अख्खा रविवार गेला. रोज सकाळी दिवा लावायच्या आधी टॉर्चने लेमन मोजते. आज ३४ वा दिवस, दहाचे दहा आहेत. नायट्रेट २५.

एक नवी गोष्ट. परवापासून दोन्ही एंजल अमेझॉन स्वोर्ड या पाणझाडाचं एक रुंद पान तोंडाने घासून साफ करतायत. मोठा कोरींना त्या बाजूला फिरकू देत नाही आणि लेमन सगळे उलट्या कोपऱ्यात गोळा झालेत. हे काय चाललंय?

मधला थर

जोडी जमली. एक-दोन दिवसांत त्या पानावर अंडी दिसतील, २७ अंशांच्या आसपास साधारण अडीच दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात पिल्लं पोहायला लागतात. तोवर अर्धी टाकी त्यांची समजा. आजच मध्यावर उंच झाडांची किंवा लाकडाची एक आडवी ओळ लावा, म्हणजे लेमनना पलीकडे नजरेआड राहता येईल. कोरीच्या गोळ्या पानापासून लांबच्या टोकाला टाका. कोणाचे पर फाटलेले दिसले तर जाळीचा आडोसा घाला, वाट बघत बसू नका.

तळवस्ती

आणि रात्री एक मंद दिवा चालू ठेवा. अंधारात कोरी वासाने अंड्यांपर्यंत पोचतात आणि एंजलना त्या दिसत नाहीत. फोटो टाका!